वाचक विचारतात : अल्को दणकट की जीएम?

मागच्या अंकात कॅसलरॉक घाटातल्या मालगाड्यांवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. खानापूर, निपाणी, घटप्रभा, उगार, सगळीकडून आलेत. निम्म्या लोकांचा प्रश्न फिरून फिरून एकच, जुन्या डिझेल इंजिनांत चांगलं कुठलं, अमेरिकेतल्या अल्कोचं की जीएमचं, म्हणजे जनरल मोटर्सचं, आणि चांगलं होतं तर त्याची कंपनी बुडाली कशी. म्हणून यावेळचं सदर सगळं इंजिनांनाच देऊन टाकलंय. ज्यांनी आंब्यावरच्या तुडतुड्याचं विचारलंय त्यांनी कृपा करून पुढच्या महिन्यापर्यंत थांबा.

"लहानपणी लोंढ्याला मामाकडं जायचो तेव्हा गाडी सुटली की काळा धूर स्टेशनभर व्हायचा. आता हुबळीची मोठमोठी इंजिनं येतात, केवढाली मालगाडी ओढतात आणि धूर जवळजवळ नाहीच. डिझेल तेच न्हवं काय ओ? आमचे वडील म्हणतात जुन्या इंजिनात दम होता म्हणून धूर यायचा." — एक वाचक, खानापूर

वडिलांना नमस्कार सांगा, पण धूर म्हणजे दम नाही, धूर म्हणजे नीट न जळलेलं डिझेल. तुम्ही लोंढ्याला मीटरगेजवर बघितलेलं ते बहुतेक वायडीएम-४, अमेरिकेतल्या अल्को कंपनीचं डिझाइन, एका ओळीत सहा सिलिंडर, चौदाशे हॉर्सपॉवरच्या आसपास. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती तिकडून आली, आणि पुढं १९६८ पासून वाराणसीच्या डिझेल कारखान्यात बनायला लागली. हे इंजिन फोर-स्ट्रोक, आणि त्याचा टर्बो, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबून भरणारा पंखा, नुसत्या एक्झॉस्टच्या, म्हणजे जळून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरतो. आता ड्रायव्हरनं नॉच, म्हणजे ताकदीचा टप्पा, वाढवला की डिझेल लगेच जास्त यायला लागतं, पण टर्बोला जोर यायला आधी ते डिझेल जळून एक्झॉस्ट वाढायला पाहिजे, म्हणजे मधले काही सेकंद सिलिंडरमध्ये डिझेल भरपूर आणि हवा कमी. तेवढाच तो काळा लोट. टर्बो एकदा वेगात आला की धूर आपोआप विरळ होतो, नीट आठवून बघा, गाडी सिग्नलच्या पुढं गेल्यावर धूर कमीच व्हायचा.

हुबळीचं इंजिन म्हणजे डब्ल्यूडीजी-४, हे जनरल मोटर्सच्या रेल्वे इंजिन विभागाचं, म्हणजे ईएमडीचं डिझाइन. १९९९ मध्ये पहिली खेप तिकडून आली ती हुबळी शेडलाच दिली होती. सोळा सिलिंडर, चार हजार हॉर्सपॉवर, आणि टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोकला बाहेरून हवा ढकलल्याशिवाय ते चालूच होत नाही, म्हणून ईएमडीवाल्यांनी टर्बो क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, गिअरनं जोडलाय, मध्ये एक क्लच. एक्झॉस्ट कमी असेल तेव्हा इंजिनच टर्बोला फिरवतं, एक्झॉस्टचा जोर पुरेसा झाला की क्लच सुटतो आणि टर्बो स्वतःच्या जोरावर. त्यामुळं पहिल्या नॉचपासून हवा हजर, मग काळा धूर यायला जागाच कमी.

आणि दमाचं म्हणाल तर कॅसलरॉक ते कुळे हा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर गेलं की १ मीटर वर. गोव्याच्या बंदरावरचा कोळसा भरून वर आणायचा तर पुढं इंजिनं आणि मागून ढकलायला बँकर दोन्ही लागतात, आणि त्यात पावसाळ्यात रूळ ओले. डब्ल्यूडीजी-४ ला थ्री-फेज एसी मोटरी आहेत, चाक घसरायला लागलं की कंट्रोल लगेच सावरून घेतो, जुन्या डीसी मोटरवाल्या इंजिनात हे एवढं बारकाईनं जमत नव्हतं. दम नव्यातच जास्त आहे, आवाज मात्र जुन्याचा भारी होता, त्यात वडिलांशी माझं काही भांडण नाही.

"आमचं मशीन शॉप आहे. क्रँकशाफ्टची कामं करतो. एका गिऱ्हाईकानं सांगितलं की अल्को कंपनी क्रँकशाफ्ट मोडल्यामुळं बुडाली. पण त्याच कंपनीची इंजिनं आपल्या रेल्वेत पन्नास वर्षं चालली की. मग खरं काय? आणि इंजिन सुधारल्यावर गिऱ्हाईक परत का आलं नाही?" — एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

दादा, तुमचा प्रश्न सगळ्यात चांगला, म्हणून उत्तर पण लांबणार, चहा घेऊन बसा.

गिऱ्हाईकानं सांगितलं ते अर्धं खरं आहे. अल्को म्हणजे अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावची, वाफेच्या इंजिनांच्या जमान्यातली एकदम मोठी. डिझेलमध्ये पण ती काय कच्ची नव्हती. तिचं ५३९ नावाचं जुनं सहा सिलिंडरचं इंजिन अतिशय दणकट होतं, आणि ते बसवून १९४१ मध्ये तिनं आरएस-१ काढलं, यार्डात शंटिंग पण करायचं आणि गाडी घेऊन लाईनवर पण जायचं असं दोन्ही कामाचं इंजिन. त्याआधी असं कोणी केलं नव्हतं. महायुद्धात अमेरिकन लष्करानं त्याचं सहा ॲक्सलचं रूप इराणच्या रेल्वेवर चालवलं. आज आपण जे डिझेल इंजिन म्हणून ओळखतो, लांबट बॉनेट, एका बाजूला कॅब आणि कडेनं चालायला पट्टी, तो आकार अल्कोचाच.

घोळ झाला तो पुढच्या इंजिनात, त्याचं नाव २४४. युद्ध संपत आलं होतं, रेल्वे कंपन्या वाफ टाकून डिझेल घ्यायला निघाल्या होत्या, आणि अल्कोला मोठ्या ताकदीचं इंजिन घाईनं बाजारात आणायचं होतं. १९४६ पासून ते लाईनवर गेलं आणि मग क्रँकशाफ्ट मोडायला लागले, टर्बो निकामी व्हायला लागले. तुम्हाला सांगायला नको, क्रँकशाफ्ट मोडला म्हणजे नुसता शाफ्ट जात नाही, बरोबर ब्लॉक, बेअरिंग, कधी कधी सगळंच जातं, आणि इंजिन महिनाभर शेडमध्ये.

आता जीएमचं बघा. लोक म्हणतात जीएमचं इंजिन पहिल्यापासून निर्दोष होतं, हे साफ चुकीचं. १९३० मध्ये जीएमनं इलेक्ट्रो-मोटिव्ह (पुढं हीच ईएमडी झाली) आणि तिला इंजिन पुरवणारी विंटन, दोन्ही कंपन्या विकत घेतल्या. विंटनच्या २०१ मालिकेच्या टू-स्ट्रोक इंजिनानं त्यांना पुष्कळ रडवलंय. पण ते रडणं झालं १९३३-३४ च्या सुमाराला, जेव्हा अशा गाड्या होत्याच हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या, आणि कंपनीची माणसं गाडीत बसून दुरुस्ती करत फिरत होती. त्या सगळ्या चुका गिळून त्यांनी १९३८ मध्ये ५६७ हे नवीन इंजिन काढलं. म्हणजे जीएमनं चुका केल्या त्या पाचपन्नास इंजिनांवर आणि बाजार थंड असताना, अल्कोनं केल्या त्या शेकडो इंजिनांवर आणि बाजार ऐन भरात असताना. माझ्या मते सगळी गोम इथंच आहे, क्रँकशाफ्ट हा नंतरचा मुद्दा.

मग १९३९ मध्ये जीएमनं एफटी नावाचं चार युनिटचं ५४०० हॉर्सपॉवरचं मालगाडीचं इंजिन तयार केलं आणि विकायच्या आधी देशभर फिरवलं. वीस रेल्वे कंपन्यांच्या लाईनवर अकरा महिन्यांत ८३,७६४ मैल, म्हणजे एक लाख चौतीस हजार किलोमीटरच्या वर. वाळवंटातून जाणाऱ्या सांता फे रेल्वेनं लगेच ऑर्डर दिली, कारण वाफेच्या इंजिनाला तिकडं पाणीच मिळायचं नाही, टँकरनं आणायला लागायचं. १९४२ मध्ये युद्धासाठी सरकारनं कोण काय बनवणार ते ठरवून दिलं, त्यात मालगाडीची डिझेल इंजिनं जीएमकडं राहिली आणि अल्को आणि बाल्डविन ह्या वाफेच्या इंजिनांच्या जुन्या कंपन्यांच्या वाट्याला शंटिंगची आणि वाफेची इंजिनं आली. अल्कोवाले पुढं कायम म्हणत राहिले की आमचं नुकसान ह्याच्यामुळं झालं. थोडं झालं असेल, नाही म्हणत नाही, पण एफटी युद्धाच्या आधीच तयार होती की.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, सुधारल्यावर गिऱ्हाईक का आलं नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यावर अल्कोनं २५१ काढलं, हे खरोखर उत्तम इंजिन, ९ इंच बोअर (सिलिंडरची रुंदी), साडेदहा इंच स्ट्रोक (पिस्टनची चाल), नंतर ते कुठं कुठं गेलं ते खाली सांगतो. पण तोवर अमेरिकेतल्या बहुतेक रेल्वेंनी वाफ टाकून दिली होती, मोठी खरेदी होऊन गेली होती आणि त्यांच्या शेडमध्ये जीएमचे स्पेअर, जीएमची हत्यारं, जीएमनं शिकवलेले फिटर. ईएमडीत पिस्टन, लायनर, हेड, कनेक्टिंग रॉड असा एक सिलिंडर अख्खा संच म्हणून काढता येतो आणि दुसरा तयार संच आत घालून इंजिन सोडून देता येतं, बिघडलेला मग सावकाश बघा. आणि पुढं ६४५ इंजिन आलं तेव्हा त्याचे सिलिंडर संच ५६७ च्या नंतरच्या ब्लॉकमध्ये बसायचे, म्हणजे वीस वर्षं जुन्या इंजिनाला नवीन भाग. तुम्ही शॉप चालवता, तुम्हीच सांगा, असा माल घेणारा माणूस दुसरीकडं कशाला जाईल? वर आणि जीएम जुनं इंजिन परत घेऊन त्याचेच काही भाग वापरून नवीन द्यायची, आणि कर्जाची सोय घरचीच.

अल्कोचं सगळ्यात दुर्दैव म्हणजे तिच्या इंजिनातलं जनरेटर, मोटर वगैरे विजेचं सामान जनरल इलेक्ट्रिकचं, म्हणजे जीईचं असायचं. १९५३ मध्ये जीईनं भागीदारी मोडली आणि काही वर्षांनी स्वतःच यू२५बी नावाचं इंजिन घेऊन बाजारात उतरली. म्हणजे अल्कोला आपल्या प्रतिस्पर्ध्याकडूनच सामान विकत घेऊन त्याच्याशीच लढायचं. साठच्या दशकात जीईनं तिला तिसऱ्या नंबरवर ढकललं, आणि तीन कंपन्या जगतील एवढा बाजारच उरला नव्हता. १९६९ मध्ये अल्कोनं इंजिनं बनवणं बंद केलं. तेव्हा क्रँकशाफ्ट मोडत नव्हते, पण ऑर्डर पण येत नव्हत्या.

"जीएम एवढी चांगली होती तर आपल्या सरकारनं अल्को का घेतली? कमिशन वगैरे काही भानगड?" — एक वाचक, निपाणी

निपाणीला अजून रेल्वे नाही तरी निपाणीकरांना रेल्वेचा एवढा जिव्हाळा, मला फार आवडलं. भानगडीचं मी काही लिहिणार नाही कारण त्याची गरजच पडत नाही, कारण सरळ आहे.

१९६२ मध्ये रेल्वेनं दोन्ही मागवली होती. अल्कोची डब्ल्यूडीएम-२ आणि जीएमची डब्ल्यूडीएम-४, दोन्ही ब्रॉडगेज, दोन्ही २६०० हॉर्सपॉवर, म्हणजे तुलना अगदी समोरासमोर. जीएमची ७२ आली. इंजिन म्हणून ती सरस होती असं जुने लोक आजही सांगतात, १९६९ मध्ये हावडा-दिल्ली पहिली राजधानी सुरू झाली तेव्हा तिला हेच डब्ल्यूडीएम-४ लावलं होतं. पण आपल्याला नुसती इंजिनं नको होती, ती इथं बनवायची होती, डिझाइन आणि बनवायची विद्या दोन्ही पाहिजे होतं. अल्को त्याला तयार झाली, जीएम नाही. घरच्या बाजारात मार खाणारी कंपनी बाहेरच्या गिऱ्हाईकाशी नरमाईनं वागते, आणि पहिल्या नंबरवाल्याला कशाला गरज पडते, हे तर आपल्या रविवार पेठेत पण बघायला मिळतं.

३ जानेवारी १९६४ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते वाराणसीचं पहिलं डब्ल्यूडीएम-२ बाहेर पडलं. त्यानंतर १९९८ पर्यंत अडीच हजाराच्या वर बनली. आणि बघा गंमत, अमेरिकेत जी गोष्ट जीएमच्या बाजूनं झाली तीच इथं अल्कोच्या बाजूनं झाली. सगळ्या देशात एकच इंजिन, मग गुंतकलच्या फिटरला जे येतं तेच इटारसीच्या फिटरला येतं, स्पेअर सगळीकडं तेच, १९८१ मध्ये पटियालाला सुटे भाग आणि जुनी इंजिनं नवी करायचा वेगळा कारखाना काढला. त्याच २५१ इंजिनातून पुढं ३१०० आणि ३३०० हॉर्सपॉवर काढले आपल्या लोकांनी, मूळ कंपनी मरून कितीतरी वर्षं झाल्यावर. उलट ती ७२ जीएम, इंजिन चांगलं असून, ७२ च असल्यामुळं स्पेअरला महाग पडली आणि आधी गेली. १९७० मध्ये जर्मनीहून हेन्शेल कंपनीची मोजकीच डिझेल-हायड्रॉलिक इंजिनं आणली होती, त्यांचं तर नाव पण आता कुणाला आठवत नाही. तेवढ्याशा इंजिनांसाठी वेगळा फिटर, वेगळं स्पेअर कोण ठेवणार.

जीएम शेवटी नव्वदच्या दशकात विद्या द्यायला तयार झाली, तेव्हा तिला पण बाहेरच्या गिऱ्हाईकाची गरज पडायला लागली होती. त्याचं फळ म्हणजे वर खानापूरच्या वाचकानं विचारलेली हुबळीची इंजिनं.

"मी डिप्लोमा मेकॅनिकलला आहे. बाल्डविन ही जगातली सगळ्यात मोठी इंजिन कंपनी होती असं वाचलं, ती डिझेलमध्ये कशी काय फेल गेली? त्यांच्याकडं पैसा, माणसं, कारखाना सगळं होतं की सर." — एक विद्यार्थी, घटप्रभा

सगळं होतं, आणि तेच आड आलं. बाल्डविन १८३१ ची. स्वातंत्र्याच्या वर्षी आपल्या रेल्वेला डब्ल्यूपी हे गोल नाकाचं वाफेचं इंजिन आलं, त्याची पहिली सोळा बाल्डविनचीच. वाफेचं इंजिन म्हणजे कपडे शिवल्यासारखं, प्रत्येक रेल्वे आपलं माप देणार, कंपनी तसं बनवून देणार, शंभर इंजिनं घेतली तर घेतली नाहीतर पाच. जीएमची रीत मोटारीच्या कारखान्यातली, मॉडेल आमचं, रंग तुमचा. डिझेलमध्ये स्वस्ताई आणि भरवसा दोन्ही त्या एकसारखेपणातून येत होतं, आणि बाल्डविनला ती सवय शेवटपर्यंत लागली नाही, मोटरीच्या वायरी आणि पाइप कुठून न्यायचे ते पण एका इंजिनात एक आणि दुसऱ्यात दुसरं असं व्हायचं.

बाल्डविनची आणखी एक चूक, तुझ्या अभ्यासाच्या विषयातली. दोन-तीन डिझेल इंजिनं जोडून एकाच ड्रायव्हरनं चालवायची असतील तर सगळ्यांचे कंट्रोल एकमेकांशी जुळायला पाहिजेत. बाकीच्यांचा थ्रॉटल, म्हणजे ताकद कमी-जास्त करायचा दांडा, विजेवर, बाल्डविननं हवेच्या दाबावर चालणारा दिला. म्हणजे बाल्डविनला जोडायला दुसरं बाल्डविनच पाहिजे, जीएमला लावता येत नाही. एखाद्या रेल्वेकडं शंभर जीएम आणि दहा बाल्डविन असतील तर ती दहा कायम वेगळीच सांभाळायची. इंजिन चांगलं ओढायचं, कमी वेगात जड गाडी ओढायला बाल्डविनचं नाव होतं, पण असं अलग पडलेलं इंजिन कोण परत घेणार?

त्यांचं ते सेंटिपीड नावाचं धूड नेटवर फोटोत बघ, बारा ॲक्सल, चोवीस चाकं, आत दोन इंजिनं मिळून ३००० हॉर्सपॉवर. पेनसिल्व्हेनिया रेल्वेनं एक्सप्रेस गाड्यांसाठी घेतली आणि थोड्याच वर्षांत घाटात मागून ढकलायच्या कामाला लावली. १९५० मध्ये बाल्डविन आणि लिमा-हॅमिल्टन एक झाल्या, दोन बुडत्यांनी एकमेकांचा हात धरला, आणि १९५६ मध्ये इंजिनं बनवणं संपलं. ब्रिटनमध्ये ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिशचं पण तेच, वाफेतली दादा कंपनी, डिझेलमध्ये परक्या लायसन्सवरची इंजिनं घातली, ती सारखी बंद पडायची, दुरुस्तीच्या हमीत पैसा गेला आणि १९६२ मध्ये दिवाळं. आपल्या मीटरगेजची पहिली डिझेलं, वायडीएम-१, त्यांच्याकडूनच आलेली.

परीक्षेत हे कोणी विचारणार नाही, पण एवढं वाचलंस ते चांगलंच.

"पाणबुडीचं इंजिन रेल्वेत बसवलं होतं म्हणे, खरं काय हो? नातू म्हणतो यूट्यूबवर बघितलं." — एक आजोबा, उगार खुर्द

आजोबा, नातू बरोबर आहे. फेअरबँक्स-मोर्स नावाची कंपनी, विस्कॉन्सिनच्या बेलॉइट गावची. तिच्या इंजिनात एका सिलिंडरमध्ये दोन पिस्टन, एक वरून एक खालून, दोघं मध्ये जवळ येतात तिथं डिझेल जळतं आणि दोघांना लांब ढकलतं. वर एक क्रँकशाफ्ट, खाली एक. सिलिंडर हेड नाही, व्हॉल्व्ह नाहीत, म्हणजे बिघडायच्या दोन मोठ्या जागाच गेल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन पाणबुड्यांत हे फार चाललं, आणि आजही अमेरिकन नौदलात त्याच घराण्याची इंजिनं आहेत.

मग रेल्वेत का नाही? पाणबुडीत थंड करायला समुद्रभर पाणी, आत धूळ नाही, आणि इंजिनाशेजारी दिवसरात्र माणूस. रेल्वेत उन्हाळ्याची गरम हवा, धूळ, रुळाचे धक्के, आणि ड्रायव्हर पुढं कॅबमध्ये. त्यात खालचा नाहीतर मधला भाग बघायचा तर आधी वरचा अख्खा क्रँकशाफ्ट उचलून बाजूला ठेवायचा, म्हणजे क्रेन, माणसं आणि दोन-तीन दिवस. जीएमचा एक सिलिंडर बदलून होईपर्यंत इथं झाकणं उघडून व्हायची.

१९५३ मध्ये त्यांनी ट्रेनमास्टर काढलं, एका इंजिनात २४०० हॉर्सपॉवर, तेव्हा बाकीचे १५००-१६०० च्या आसपास. रेल्वेवाले म्हणाले एवढी ताकद घेऊन काय करायचं. दहा वर्षांनी सगळ्यांनाच तेवढी ताकद पाहिजे होती, पण तोवर १९६३ ला कंपनी इंजिनांच्या धंद्यातून बाहेर पडली होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या बेळगावात लोखंडी नांगर काढला तेव्हा पण सुरुवातीला कोणी घेईना, लोखंडानं जमीन विषारी होते म्हणायचे. ते टिकले, हे टिकले नाहीत.

"२५१, ५६७, ६४५, ७१० हे आकडे कशाचे?" — एक शिक्षिका, रायबाग

ताई, जीएमचे आकडे सोपे, एका सिलिंडरचं आकारमान घनइंचात. ५६७ घनइंच म्हणजे साधारण ९.३ लिटर, ६४५ म्हणजे १०.६ आणि ७१० म्हणजे ११.६ लिटर. एका सिलिंडरचं हं, असे सोळा. मुलांना सांगा की मोटारसायकलचं अख्खं इंजिन दीडशे सीसीचं असतं. अल्कोचा २५१ तसा नाही, ते नुसतं मॉडेलचं नाव, सिलिंडर आकारानं ६४५ पेक्षा थोडा मोठाच आहे, सुमारे ६६८ घनइंच.

"जीएमनं दादागिरी करून बाकीच्या कंपन्या संपवल्या असं एका जुन्या कामगार पुढाऱ्याकडून ऐकलं होतं. आमच्या ऊस भागात मोठा कारखाना छोट्याला कसा खातो ते आम्ही बघतोय." — एक वाचक, चिकोडी

असा आरोप अमेरिकेत पण झाला. जीएमच्या मोटारी देशभर रेल्वेनं जायच्या, म्हणजे जीएम ही रेल्वेची फार मोठी गिऱ्हाईक. आमची इंजिनं घेतली नाहीत तर आमचा माल दुसऱ्या लाईनवरून जाईल, असं दडपण ती आणते असं म्हणून १९६१ मध्ये सरकारनं खटला भरला होता. तो पुढं सोडून दिला गेला. माझं मत विचाराल तर असं दडपण काही ठिकाणी बोलून न दाखवता पण असणारच, एवढी मोठी गिऱ्हाईक समोर बसल्यावर विक्रेत्याला वेगळं सांगायला लागत नाही. पण ज्या रेल्वेवर जीएमची एक पण मोटार जात नव्हती त्यांनी पण ईएमडीच घेतली, आणि जीईनं तर ह्याच जीएमला समोर ठेवून बाजारात शिरून दाखवलं, ऐंशीच्या दशकात मागं पण टाकलं. जीईकडं जे होतं ते अल्कोकडं नव्हतं, दहा वर्षं तोटा सोसायची ऐपत.

"अल्को कंपनी गेली, मग तिचं ते चांगलं २५१ इंजिन फक्त आपल्याकडंच राहिलं काय?" — एक वाचक, शहापूर, बेळगाव

नाही, बरंच फिरलं. कॅनडात माँट्रियल लोकोमोटिव्ह वर्क्सनं चालू ठेवलं, पुढं ती बॉम्बार्डियरकडं गेली. नासाचं चंद्रावर जाणारं रॉकेट उड्डाणतळापर्यंत नेणारा जो अवाढव्य क्रॉलर आहे त्याच्यात अल्कोची दोन सोळा सिलिंडरची २५१ बसवली होती, प्रत्येकी २७५० हॉर्सपॉवर. म्हणजे लोंढ्याच्या वायडीएम-४ चा आणि अपोलोच्या क्रॉलरचा वंश एकच. अणुवीज केंद्रात वीज गेली तर चालू करायला पण २५१ लावलेलं आहे, आणि तिथं न चुकता चालू होणं ह्याच्याशिवाय दुसरा निकषच नसतो.

"आता बेळगाववरनं वंदे भारत धावायलीय, सगळीकडं तारा आल्यात. डिझेल कंपन्यांची ही स्पर्धा संपली म्हणायची काय?" — एक वाचक, टिळकवाडी

आपल्या लाईनपुरती जवळजवळ संपली. वाराणसीचा कारखाना आता विजेची इंजिनं बनवतो, २०२० मध्ये त्याच्या नावातलं डिझेल पण काढून टाकलं. पण अमेरिकेत तारा फार कमी ठिकाणी आहेत, तिथं ह्या दोघांची जुंपलेलीच आहे, फक्त मालक बदललेत. जीएमनं ईएमडी २००५ मध्ये विकून टाकली, २०१० मध्ये ती कॅटरपिलरच्या प्रोग्रेस रेलनं घेतली. जीईचा रेल्वे विभाग २०१९ मध्ये वॅबटेकमध्ये गेला. आणि ह्या वॅबटेकचाच भारतीय रेल्वेबरोबरचा कारखाना बिहारमध्ये मढौऱ्याला आहे, तिथून रेल्वेसाठी हजार डिझेल इंजिनांचा करार झाला होता. तारा आल्यावर त्या डिझेल इंजिनांचं काय करणार असं सगळे विचारत होते, तर २०२५ मध्ये तिथलं पहिलं इंजिन आफ्रिकेतल्या गिनीला रवाना झालं, तिथल्या लोहखनिजाच्या लाईनवर ओढायला.